आर्डिसचा तिसरा नकार

आर्डिस माझी वहिनी. मी तिची नणंद, त्यामुळे तिच्याबद्दल चांगलंच बोललं पाहिजे अशी माझ्यावर काही सक्ती नाही. तरी सांगते, शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं अख्ख्या गावाची पोरं जेवू घातली, आणि पातेल्यावर झाकण आपटून ती जे सांगायची ते मुख्याध्यापकसुद्धा मुकाट ऐकायचे. अशी खमकी बाई. पण तिला कुणी कॉफी घेणार का म्हणून विचारलं, की लगेच म्हणणार, "नको गं, उगाच त्रास कशाला."

मिनेसोटाच्या आमच्या या कोपऱ्यात सगळे असेच. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "खरंच नको" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, उरलीच असेल तर अर्धा कप" असं म्हणून दोन कप प्यायचे. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा हावरट, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा कंजूष. माझ्या भावानं, लोवेलनं, तिला लग्नाचं विचारलं तेव्हाही ती दोनदा नको म्हणाली. लोवेल मुळातच मुखदुर्बळ. तो तोंड पाडून हरणांच्या शिकारीला निघून गेला. शेवटी आईनं त्याला रानातून परत आणलं आणि म्हणाली, "अरे शुंभा, अजून एकदा विचार की!" त्यांचं लग्न झालं ते असं.

पण आर्डिसच्या मनात एक सल होता. आम्ही शाळेत असताना आमच्या वर्गानं एक जुनं शोकांत नाटक बसवलं होतं. शहराला वेढा पडलाय, आत राणी आहे आणि तिचा मुलगा वेशीबाहेर अडकलाय. दार उघडलं तर शत्रू आत येणार, नाही उघडलं तर पोरगा जाणार. शहरातले म्हातारे राणीला तीनदा विचारतात, दार उघडायचं का? ती तिन्ही वेळा नाही म्हणते. राणीचं काम करशील का म्हणून बाईंनी आर्डिसला विचारलं. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारणार तेवढ्यात घंटा झाली. दुसऱ्या दिवशी बाई विसरल्या. आर्डिस द्वारपाल झाली. नाटकभर हातात भाला घेऊन ती राणीकडे अशा नजरेनं बघत होती, की दुसरी द्वारपाल म्हणून तिच्या शेजारी उभं राहायची मला भीती वाटली.

यंदा हिवाळ्यात गावच्या नाटक मंडळानं तेच नाटक पुन्हा करायचं ठरवलं. बसवणारा डॉमिनिक, न्यू जर्सीहून आमच्या शाळेत नवीन आलेला मास्तर. माणूस हुशार, पण घाईचा. पहिल्या दिवशी चर्चच्या तळघरात सगळ्यांना गोल बसवून तो म्हणाला, "आधी एक खेळ खेळू. समजा, या नाटकाचा आज सिनेमा निघतोय. आताच्या नटनट्यांपैकी कुणाला कुठलं काम द्याल? पैशाची काळजी नको, वाटेल त्याला घ्या."

स्वतःचं नाव पुढे करायला आमचं कुणी धजत नाही, पण दुसऱ्यांबद्दल बोलायचं म्हटलं की जिभेला हाड नसतं. सेनापतीसाठी पाणबुडीच्या सिनेमातला दाढीवाला ठरला. फितूर मंत्र्यासाठी लोवेल म्हणाला, "टीव्हीवर हवामान सांगतो ना, तो घ्या."

"तो नट नाहीये, लोवेल."

"नसू दे. खोटं काय सफाईनं बोलतो!"

मग गाडी राणीपाशी आली आणि आर्डिसपाशी अडली. कुणी एक नाव घेतलं की ती म्हणे, "तिची कंबर बघितलीस? वेढ्यातली बाई उपाशी असते, पण अशी नसते." दुसरं घेतलं तर, "ती रडताना फार छान दिसते. पोरासाठी रडणारी बाई छान दिसत नाही." मग चर्चच्या पास्टरनी भीतभीत एका नामवंत, वयस्कर नटीचं नाव काढलं. आर्डिस म्हणाली, "तिनं जन्मात स्वतःच्या हातानं दार लावलं नसेल. तिच्यासाठी कुणीतरी लावतं."

डॉमिनिक हसत म्हणाला, "मग तुम्हीच करा ना राणी!"

आर्डिसचे कान लाल झाले. "अहो छे, मी कसली! द्या दुसऱ्या कुणाला तरी."

झालं, एक नकार झाला, आता एकच उरला म्हणून आम्ही सगळे खुशीत. तर डॉमिनिक म्हणाला, "ठीक आहे," आणि वळून कॉरीनला विचारलं, "तुम्ही कराल?"

"हो! मला खूप आवडेल," कॉरीन म्हणाली.

कॉरीन म्हणजे दातांच्या डॉक्टरची बायको, शिकागोची. बाई लाख चांगली, पण हो म्हणाली ती एका दमात. पास्टरच्या हातातलं बिस्कीट तोंडाशी जाता जाता थांबलं. डॉमिनिकला मात्र कुणी काही बोललं नाही. बाहेर गाडीपाशी लोवेल एवढंच म्हणाला, "हे जरा वेगळंच झालं." आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.

दुसऱ्या दिवशी मी आर्डिसच्या घरी गेले, तर ही आधीच चकचकीत असलेला ओव्हन पुन्हा घासत बसलेली.

"वाईट वाटलं ना गं?"

"छे! कॉरीन छान करेल. उंच आहे, तरुण आहे. दातही चांगले आहेत तिचे."

"मी सांगू का डॉमिनिकला?"

"खबरदार! मागून घेतलेलं काम मला नको."

मला फार वाईट वाटलं. शाळेपासून उराशी धरलेली गोष्ट दुसऱ्यांदा दाराशी आली आणि दारातूनच परत गेली. आर्डिसनं तालमीत कॉफीचं काम अंगावर घेतलं आणि कपबशा जरा जास्तच जोरात ठेवू लागली.

मग वेशीच्या प्रवेशाची तालीम आली. लोवेल म्हाताऱ्यांचा पुढारी. त्यानं विचारलं, कॉरीन नाही म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा ती नाही म्हणाली आणि लोवेलनं सरळ दाराचा अडसर काढला.

"अहो, ती नाही म्हणाली!" डॉमिनिक ओरडला.

"हो का? तिसऱ्यांदा ना?" लोवेल गोंधळला. पुन्हा केलं, पुन्हा त्याचा हात अडसराकडे गेला. "काय करू, तिसऱ्यांदा कुणी नाही म्हणतच नाही. हात आपोआपच जातो."

डॉमिनिकला काही उमगेना. आर्डिसनं मला तिच्याबद्दल बोलायची बंदी केली होती, कॉफीबद्दल नव्हती केली. म्हणून मी उठून त्याला कॉफीचा रिवाज सांगितला, पहिल्या नकारापासून दुसऱ्या कपापर्यंत. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. तो हळूच कॉफीच्या भांड्याकडे वळला.

"आर्डिस, म्हणजे त्या दिवशी तुम्ही... राणी करता का?"

"नको हो, खरंच. कॉरीन किती छान करतेय."

दोन झाले! पण डॉमिनिकनं तोंड उघडलं, कॉरीनकडे पाहिलं आणि मिटलं. तो तरी काय करणार, दिलेलं काम काढून कसं घेणार? माझ्या कानात शाळेची ती मेली घंटा वाजायला लागली.

तेवढ्यात कॉरीन राणीची शाल काढत पुढे आली. "मला या गावात येऊन इतकी वर्षं झाली. मी हो म्हटलं की सगळे गप्प होतात. माझं काय चुकतं, याचा मी घरी जाऊन विचार करत बसते. एकानंही मला हे सांगितलं नाही!" आम्ही सगळ्यांनी आपापले बूट बघितले. मग तिनं शाल आर्डिसपुढे धरली. "माझं 'नाही' कुणी ऐकत नाही. लोवेल दार उघडतात. आर्डिस, तुम्ही करता का राणी?"

आर्डिसनं भांड्याचा नळ बंद केला. हात पुसले. पुन्हा पुसले.

"बघ बाई," ती म्हणाली, "दुसरं कुणी नसेलच तर..."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पास्टर नुसते खाकरले आणि कॉरीननं द्वारपालाचा भाला उचलला.

प्रयोगाला शाळेचं सभागृह भरलं होतं. लोवेलनं दोनदा विचारलं, ती दोनदा नाही म्हणाली. मग त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. आर्डिसनं बंद दाराकडे पाहिलं, लग्नाच्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही." लोवेलचा हात जागचा हलला नाही. मी घळाघळा रडले, आणि रडताना ती अजिबात छान दिसत नव्हती.

नंतर चर्चच्या तळघरात चहापाणी होतं. लोवेल लिंबाच्या केकची बशी घेऊन तिच्यापाशी गेला. "वाईट नव्हतं," तो म्हणाला. एवढी स्तुती त्यानं लग्नातही केली नव्हती. मग त्यानं बशी पुढे केली.

"तुकडा घेतेस?"

"घेते."

"अगं, घे ना थोड—" लोवेल सवयीनं बोलून गेला आणि मध्येच थांबला.

आर्डिसनं त्याच्या हातातून बशी घेतली. "आणि कॉफी आण," ती म्हणाली. "पूर्ण कप."