शोभेला दिलेला खो

बस वारंगा फाट्यावर थांबली होती, तेवढ्यात दादाचा फोन आला. मी नांदेडला निघाले होते, मांडीवर मुगाच्या पातळ खिचडीचा डबा घेऊन. शोभा म्हणजे माझी वहिनी, आणि त्याच्याही आधीची माझी वर्गमैत्रीण. आदल्या दिवशी तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालं होतं आणि शुद्धीवर आली की तिला थोडं खायला देऊ, असं ठरलं होतं. दादा म्हणाला, "मंदे, तू नांदेडला येऊ नको. गावीच, डोंगरकड्याला उतर... आमीच येऊन राहिलो." मी विचारलं, "आमी म्हंजे कोण कोण?" त्यानं फोन ठेवला. शेजारच्या बाईनं माझ्या हातातला डबा काढून घेतला तेव्हा कळलं, की तो कलला होता आणि खिचडी माझ्या साडीवर सांडत होती.

मी जात्याच काळजीखोर. गॅस बंद केला का हे पाहायला बसस्टँडवरून घरी परत गेलेली बाई. शोभा माझ्या अगदी उलट. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, एकाच संघातून खो-खो खेळलो, आणि पुढं ती आमच्याच घरात सून म्हणून आली. तिचं माहेर आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. "माहेरी जाऊन येते," म्हणून निघायची आणि चुलीवरचा चहा उकळायच्या आत परत यायची. मी हिंगोलीहून बॅग घेऊन आले की ती बॅगेकडं बघत म्हणायची, "बाई, आमच्या नशिबात बॅग भरणं न्हाईच." हसत म्हणायची, पण दर वेळी म्हणायची.

आमच्या गावात भाऊबिजेला लेकी विरुद्ध सुना असा खो-खोचा सामना होतो. दोन दिवस शाळेच्या मैदानावर नुसती धामधूम असते. पोरांचं क्रिकेट, थोरांची कबड्डी, आणि सगळ्यात शेवटी बायका. आम्ही लेकी शहरात राहून सुटलेल्या, सुना हळदीच्या अन् केळीच्या रानात राबून काटक, त्यामुळे बहुतेक वेळा आमची फजितीच होते. पण शोभा कुणाची? गावची लेक की गावची सून? ह्यावर दर दिवाळीला भांडण व्हायचं आणि शेवटी नाणं उडवावं लागायचं. ज्यांच्याकडं ती जायची ते जिंकायचे, कारण ती पन्नाशीला टेकली तरी पळायची ते पोरीसारखंच.

मागच्या पावसाळ्यात मात्र ती माडीचा जिना चढताना मधेच थांबायला लागली. नांदेडच्या डॉक्टरांकडं मीच तिला घेऊन गेले. झडप अरुंद झालीय, ऑपरेशन लागेल, दिवाळीनंतरची तारीख देतो, तोवर धावपळ अजिबात नको, असं त्यांनी सांगितलं. शोभेनं तेवढं एकच विचारलं, "बसायला चालंल का?" डॉक्टर हसले. "बसा की, खुशाल बसा." तिनं माझ्याकडं असं काही पाहिलं, की हिच्या डोक्यात काय शिजतंय ते मला तिथंच ओळखायला हवं होतं.

ते कळलं दिवाळीतल्या शनिवारी. घर पाहुण्यांनी भरलेलं, ओसरीवर कबड्डीवाल्यांच्या गुडघ्यांना हळद लावणं चाललेलं, चहाचं पातेलं चुलीवरून उतरत नव्हतं. शोभा त्या गर्दीत सगळीकडं होती आणि माझे डोळे तिच्यावर. ती लसूण सोलायला म्हणून उंबऱ्यावर बसली की मला कळायचं, दम लागलाय. संध्याकाळी नाणं उडालं आणि ती लेकींकडं आली. त्यातच शिरड शहापूरला दिलेल्या गावच्या एका लेकीचं लेकरू तापानं फणफणलं, ती येणार नाही असा निरोप आला. म्हणजे आम्ही उरलो आठ. शोभा लगेच म्हणाली, "मी हाय की नववी."

दादा भडकला. "डोकं फिरलं का तुझं? डॉक्टर काय म्हणले?"

"बसा म्हणले. खो-खोत आठ जणी बसूनच असत्यात. एकटीच पळती."

आईनं पदर तोंडाशी धरला आणि माझ्याकडं पाहिलं. मग मीच लेकींच्या घरोघर फिरले. शोभेला चौकोनात बसू द्यायचं, पण तिला खो द्यायचा नाही. तिच्या पाठीमागून निघून जायचं आणि दुसरीला द्यायचा. सगळ्याजणी कबूल झाल्या. आम्ही पळती बाजू असू तेव्हा आठच गडी धरायला सुनाही हो म्हणाल्या. एवढा बंदोबस्त करूनही माझा जीव टांगणीलाच होता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि माझं मन तर त्या कामात पटाईत.

रविवारी ओवाळण्या उरकल्या आणि दुपारी सामना सुरू झाला. पाठलागाचा आमचा पहिला डाव. शोभा मधल्या चौकोनात बसली, चवड्यांवर, हात जमिनीला टेकून, ओढणी कमरेला घट्ट बांधून, शाळेत बसायची तश्शी. खांबाकडून पाठलाग करणारी यायची, हिच्या मागं पावलं वाजायची, ही पुढं झुकायची... आणि खो पुढच्या चौकोनात जायचा. पुन्हा, पुन्हा तेच. भिंतीवर बसलेल्या लोकांच्याही ते लक्षात आलं. "शोभाकाकूला द्या की!" असं कुणीतरी ओरडलंसुद्धा. ती मात्र दर वेळी तितक्याच तयारीनं झुकत होती.

मधल्या सुट्टीत तिनं पाण्याचा घोट घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "मंदे, तू सांगितलं व्हय सगळ्यांना?"

"हो."

"मंग माझ्या जागी एखादा दगड ठिवायचा व्हता."

रागावून म्हणाली असती तर मी भांडले असते. ती तर माझ्या खांद्यावर हात टेकून उठली आणि पुन्हा जाऊन तिच्या जागी बसली. मला तेव्हा रडूच फुटलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी चूळ भरायच्या निमित्तानं तोंड धुतलं.

आमचा शेवटचा डाव. पाठलागावर मी होते आणि पुढं सगळ्यात तरुण सून, गेल्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, नुसती पाखरू. मी धापा टाकत खांबाला वळसा घालून आले आणि ती झुकांडी देऊन मधल्या रेघेपलीकडं गेली, नेमकी शोभेच्या समोर. माझ्यासमोर शोभेची पाठ. पुढच्या चौकोनापर्यंत गेले असते तर ती पोरगी निसटली असती हे खरं, पण मी गुण मोजत नव्हते. ती पाठ पुन्हा पुढं झुकली होती, एवढंच मला दिसत होतं. शाळेच्या पायरीवर बसलेल्या आईला माझा विचार कळला असावा, तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. भीती गेली नव्हती. मी शोभेच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "खो."

ती उठली आणि अशी सुटली, की भिंतीवर बसलेले सगळे उठून उभे राहिले. फार तर पाच-सहा ढांगा असतील. तिनं त्या सुनेच्या खांद्याला हात लावला आणि शिट्टी वाजली. त्या पोरीनं पाय आखडता घेतला का, हे मला अजून माहीत नाही. ती शपथ घेऊन नाही म्हणते. शोभा गुडघ्यांवर हात टेकून वाकली. मी धावत जाऊन तिच्या छातीवर हात ठेवला. आत नुसता धडधडाट चालला होता.

"हाय का चालू?" तिनं विचारलं, आणि हसायला लागली.

पुढं ऑपरेशनची तारीख आली. तिनं बॅग भरली आणि मला फोन करून सांगितलं, "बघ, भरली की न्हाई?" त्या ऑपरेशनमधून ती शुद्धीवर आलीच नाही. तिच्या भावानं शेवटची माहेरची साडी आणली, ती दोन गल्ल्या चालतच. दहाव्याला बायका आपसात कुजबुजत होत्या, पळाली म्हणून असं झालं. मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं, पळण्याचा ह्याच्याशी संबंध नाही, हृदय फार आधीच थकलं होतं. माझा विश्वास बसतो. भाजी चिरता चिरता तो उडतो, मग पुन्हा बसवावा लागतो. तरी इतकं नक्की सांगते, ती पाठ पुन्हा माझ्यासमोर आली तर मी पुन्हा तेच करीन, आणि पुन्हा अशीच घाबरेन.

भीती होती ती आई काय म्हणेल ह्याची. सून असली तरी शोभा तिच्या हाताखाली अठ्ठावीस-तीस वर्षं राहिलेली, लेकीहून जवळची. सुतकानंतर मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला समोर बसवलं आणि म्हणाली, "मंदा, त्या दिशी मी भिंतीकडं तोंड केलं व्हतं... काहून केलं कुणास ठाऊक. मला काईच दिसलं न्हाई. तू सांग."

तेव्हापासून मी गेले की आई हेच विचारते. तिला सगळं बराबर लागतं, ओढणी कशी बांधली होती, पाय कोणता पुढं होता. मी घाईनं काही गाळलं तर ती शेंग हातात धरून थांबते.

"तू खो म्हणली," ती म्हणते. "मंग?"

"मग ती उठली, आई."