पुसलेली डिस्क

खण आवरताना जुना निळा पेनड्राइव्ह हाती आला आणि माण गावातली भाड्याची खोली आठवली. आई जाऊन तीन महिने झाले होते आणि सर्व्हर सांभाळायच्या नोकरीसाठी मी लिनक्स ही संगणकप्रणाली शिकत होतो. एका दुपारी या पेनड्राइव्हवरून लिनक्स माझ्या लॅपटॉपवर घालताना, क्लासातल्या कॉम्प्युटरवर रोज करायचो तशी, मी सवयीने सगळी डिस्क पुसली. आईचे सगळे फोटो त्या डिस्कवरच होते. घरमालकीणकाकू दारात थबकल्या. “रडतोस का रं? नापास झालास व्हय?” मी सांगितलं. “येवढं शिकतोयस, आन् दुसरीकडं कुटंच ठेवलं न्हाईत?” आता कंपनीचे बॅकअप मीच घेतो. वडील अजून फोनवर म्हणतात, “फ्रेमसाठी आईचा एखादा फोटो पाठव रे.” मी म्हणतो, “विसरलो. उद्या पाठवतो.”