लाल की काळी?

पोरांना सुया टोचण्यात उभी हयात गेली, तरी दवाखान्यातल्या सिस्टरबाईंच्या तोंडचं एक वाक्य बदललं नव्हतं. दंड कापसाने पुसायचा आणि म्हणायचं, "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं होईल." पोर मुंगी शोधेपर्यंत सुई बाहेर. मग पोर भोकाड पसरायचं, पण तोवर काम फत्ते झालेलं असायचं. आसपासची मुलं त्यांना 'मुंगीवाली' म्हणत आणि त्या दिसल्या की आईच्या मागे लपत. बाईंना त्याचं फार वाईट वाटे.

"सुई घेऊन फिरणारीला कोण मिठी मारणार?" नवरा म्हणायचा. त्याचंही खरंच होतं.

एक दिवस एक बाप मुलीला कडेवर घेऊन आला. कुत्रं तिच्या पोटरीला चावलं होतं आणि सोडवायला गेलेल्या बापाच्या मनगटालाही. जखमा धुऊन झाल्या. इंजेक्शन दोघांनाही हवं होतं.

"आधी तिला द्या," बाप घाईघाईने म्हणाला.

मुलगी टेबलाखाली शिरली आणि टेबलाचा पाय धरून बसली. कुत्र्याचा चावा, उद्यावर ढकलून भागणार नव्हतं. धरून टोचावं, तर पुढच्या डोसांना हे लेकरू दवाखान्याची पायरी चढलं नसतं.

बाई वाकल्या. "अगं, मुंगी चावल्यासारखं होईल."

"कुठली? लाल की काळी?"

"काळी, काळी," बाप वरून म्हणाला.

"काळी चावतच नाही," मुलगी म्हणाली.

इतकी वर्षं खपलेली थाप या चिमुरडीने दोन शब्दांत पकडली होती. त्या कुरकुरत्या गुडघ्यांनी सरळ फरशीवर बसल्या.

"लाल," त्या म्हणाल्या. "चांगली चावरी."

बापाने कपाळावर हात मारला.

"किती?"

"आज एकच. आणि चावायच्या आधी मी सांगेन."

मुलीने त्यांचं तोंड नीट निरखलं. मग ती बाहेर आली, दंड पुढे केला आणि डोळे घट्ट मिटले. बाई "आता" म्हणाल्या. मुलगी रडली, पण हात हलवला नाही. बाईंना इतका आनंद झाला, की कापूस कुठे ठेवला तेच आठवेना.

"चला, आता तुम्ही."

बाप दारापाशी पोचला होता. "जरा एक फोन करून..."

मुलीने नाक पुसलं, त्याचा शर्ट धरला आणि त्याला स्टुलाकडे ओढलं.

"बाबा, लाल आहे," ती म्हणाली. "पण एकच. आणि त्या आधी सांगतात."