यादीतला चौथा नंबर

तिचं खरं नाव क्लबात फार थोड्यांना ठाऊक होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होती, आणि रिटायर झाल्यावरही फोन उचलून 'हॅलो' असं काही लांबवून, जिव्हाळ्यानं म्हणायची की काही मागायला फोन करणाऱ्याची निम्मी लाज तिथेच निघून जायची. म्हणून ती हॅलोताई.

क्लब म्हणजे तरी काय, तीसेक माणसं. बरीचशी पिकलेली, थोडी पिकायला आलेली. सोमवारी एकट्या-दुकट्या आजाऱ्यांच्या घरी औषधं पोचवायची, बुधवारी दिसत नसलेल्यांना पेपर वाचून दाखवायचा, शनिवारी नाल्याकाठचा कचरा उचलायचा. गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात बैठक. पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचं आणि कोण का आला नाही यावरून भांडायचं.

हॅलोताईकडे साहित्यघर होतं. शाळेच्या जिन्याखालची खोली. तिथे चाकांच्या खुर्च्या, वॉकर, दांडा फिरवून उंच होणाऱ्या दोन लोखंडी खाटा आणि चार ऑक्सिजन मशीन. ज्याला लागेल त्यानं न्यावं, गरज सरली की पुसून परत आणावं. मशीनना मात्र कायम मागणी, म्हणून त्यांची यादी. आला तसा नंबर. मागे एकदा क्लबचे अध्यक्ष, चौकातले चष्मेवाले, आपल्या मेव्हण्यासाठी तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले होते. त्यांचा नंबर तिसरा होता. "यादीला नातं नसतं हो," ती म्हणाली होती. मेव्हणा नवव्या दिवशी गेला. चष्मेवाले त्यावर पुन्हा कधी एक अक्षर बोलले नाहीत. बैठकीत तिला पूर्वीसारखंच "या ताई" म्हणत राहिले. तिला वाटायचं, माणूस मोठ्या मनाचा.

तिचा नवरा बाइंडर. चाळीस वर्षं पुस्तकांना पुठ्ठे चढवून आणि कागदाची धूळ खाऊन त्याची फुप्फुसं पार ताठर झाली होती. जिना चढताना तो मधल्या पायरीवर थांबायचा आणि म्हणायचा, "तू हो पुढे. मी जरा हवा खातो. इथली चवीला बरी आहे." ती पुढे व्हायची नाही.

त्या वर्षी थंडी धूर घेऊनच उतरली. पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसेना. दवाखान्यात खोकणाऱ्यांची रांग फाटकाबाहेर गेली. बाइंडर चार दिवस दवाखान्यात होता. पाचव्या सकाळी डॉक्टर म्हणाले, "यांना घरी न्या. ऑक्सिजन लावून ठेवा, काढू नका. इथे मी यांची खाट राखू शकत नाही."

"घरी मशीन नाही, डॉक्टर."

"अहो, तुमच्याकडूनच तर लोक नेतात ना?"

तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चारातलं एक मशीन बंद पडलेलं, तीन बाहेर. विकत घ्यायची ऐपत नव्हती. भाड्यानं देणाऱ्या अकराही दुकानांचे नंबर तिला तोंडपाठ होते. तिनं दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून अकराही फिरवले. कुठेही पंधरा दिवसांच्या आत काही नव्हतं. दवाखान्यानं एक सिलिंडर दिला, फार तर उद्या दुपारपर्यंत पुरेल असा. नवऱ्याला घरी आणून निजवलं आणि ती साहित्यघरात गेली. वही उघडून तिनं स्वतःच्या हातानं त्याचं नाव लिहिलं. चौथा नंबर. वर तिघं होते. पहिला रिटायर पोस्टमन, मागच्या गल्लीत थोरल्या बहिणीबरोबर राहणारा. दुसरी बेकरीवाल्याची आई. तिसरा शाळेच्या बसचा ड्रायव्हर. नाव लिहिताना अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, याचाच तिला राग आला.

मग मशीन नेलेल्यांना एकेक करून फोन लावले. पहिल्या घरी म्हातारीला अजून लागत होतं. मागून तिचा खोकला ऐकू येत होता. दुसऱ्या घरीही तेच. तिसरं घर पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचं. फोन त्याच्या बायकोनं उचलला.

"चालू आहे ना, चालूच आहे मशीन," ती घाईघाईनं म्हणाली.

एकतीस वर्षं कान विकून पोट भरलेली बाई ती. मशीनची घरघर तिला ऐकू आली, बाटलीतले बुडबुडेसुद्धा ऐकू आले. माणूस मात्र ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती पेंटरच्या दारात उभी होती. शेजारणीला नवऱ्यापाशी बसवून आली होती. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्याला टेकला होता. खाली क्लबचा नळवाला आपली व्हॅन घेऊन थांबला होता. दार उघडलं. आत खोलीत खाट होती, खाटेवर धुतलेली चादर नीट पसरलेली, आणि उशाशी मशीन चालू. नळी उशीवर ठेवलेली.

"कधी गेले?" हॅलोताईनं विचारलं.

"एकोणीस दिवस झाले." पेंटरची बायको भिंतीला टेकली. "दोन वर्षं या आवाजात झोपले हो मी. बंद केलं की घर अंगावर येतं. देणार होते. उद्या देऊ, उद्या देऊ म्हणत राहिले."

एकोणीस दिवस! आणि यादीतली माणसं खिडकीत बसून श्वास मोजतायत! हॅलोताईच्या मस्तकात तिडीक गेली. पण बाईच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं, पदराला पिना चार ठिकाणी उलटसुलट लावल्या होत्या. हॅलोताईनं मशीनवर हात ठेवला.

"मला न्यायला हवं."

"कुणासाठी?"

खरं म्हणजे 'यादीतल्या पहिल्यासाठी' असं म्हणायचं होतं. आजवर शेकडो वेळा तेच म्हटलं होतं.

"माझ्या नवऱ्यासाठी," ती म्हणाली. तोंडातून निसटून गेलं, आणि गेल्यावर ते मागे घेता येईना.

पेंटरच्या बायकोनं वाकून स्वतः बटण बंद केलं. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. "न्या मग," ती म्हणाली. "लवकर न्या. माझा विचार बदलायच्या आत न्या."

व्हॅनमध्ये मशीन दोन्ही हातांनी धरून हॅलोताई पुढच्या सीटवर बसली. नळवाला मनानं साधा. दर सोमवारी औषधं घेऊन फिरणारा, सगळ्यांची घरं माहीत असलेला. मागच्या गल्लीच्या तोंडाशी त्यानं गाडी हळू केली.

"पोस्टमनकाकांकडे ना? इथूनच वळतो."

"सरळ घे."

"ताई, पहिला नंबर तर..."

"सरळ घे म्हटलं ना!"

नळवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि गाडी सरळ घेतली. घरी पोचल्यावर मशीन दोन मजले उचलून नेलं. खाली जाताना त्यानं नेहमीसारखं "काही लागलं तर सांगा" म्हटलं नाही.

सिलिंडर संपत आला होता. बाइंडरचे ओठ जांभळे पडले होते. बोटाला लावलेल्या चिमट्यावर एक्क्याऐंशी आकडा होता. तिनं मशीन लावलं, बाटलीत पाणी भरलं, नळी नाकात बसवली आणि आकड्याकडे डोळे लावून बसली. ब्याऐंशी. पंच्याऐंशी. बऱ्याच वेळानं नव्वद. त्याच्या कपाळावरची शीर खाली बसली.

"नंबर लागला माझा?" त्यानं विचारलं.

"लागला."

तो समाधानानं झोपला. तीही जमिनीवर बसल्या बसल्या पेंगली असेल. संध्याकाळी पाचच्या सुमारास फोन वाजला. पोस्टमनची बहीण. रोज याच वेळी करायची.

"ताई, त्रास देते हं. काही आलंय का मशीन?"

हॅलोताईच्या मागे ते घरघरत होतं. तिनं फोनवर हात धरला, स्वयंपाकघरात गेली, दार लावलं.

"नाही हो, अजून काही नाही," ती म्हणाली. आवाज तोच, गोड, जिव्हाळ्याचा. लोकांच्या जन्ममरणाच्या बातम्या तिनं तारांवरून जोडून दिल्या होत्या, पण खोटं असं लाइनवर कधी बोलली नव्हती.

"बरं बरं. तुम्ही आहात म्हणून धीर आहे बघा," बहीण म्हणाली. "भाऊ सारखा विचारतो म्हणून केला फोन."

परत आली तेव्हा बाइंडर जागा होता.

"चौथा होता ना गं माझा नंबर?"

ती उशीवरची नळी सरळ करू लागली.

"काल तूच वही आणून दाखवलीस. चौथा होता."

"मोजताना चुकले," ती म्हणाली.

तो हसला, हसता हसता खोकला, आकडा खाली आला आणि पुन्हा वर चढला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आता म्हणेल, परत दे. सरळ माणूस होता, पुस्तकाचं एक पान जरी उलटं शिवलं गेलं तरी सगळं उसवायचा. ती मनातून त्याचीच वाट पाहत होती. तो म्हणाला असता तर कदाचित दिलंही असतं.

"लाज वाटते मला," तो म्हणाला. त्यानं तिचं मनगट घट्ट पकडलं. "पण काढू नकोस. फार भीती वाटते गं. काढू नकोस."

ती त्याच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली.

त्यानंतरचे दोन दिवस पाचच्या फोनची तिला अशी धास्ती बसली की चार वाजल्यापासूनच ती घड्याळाकडे बघत बसायची. पहिल्या दिवशी फोन आला, तिनं तेच उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी आलाच नाही. साडेपाच झाले, सहा झाले. ती खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारू लागली. शेवटी तिनंच नळवाल्याला फोन केला.

"पोस्टमनकाकांना दुपारी दवाखान्यात नेलं," तो म्हणाला. "बोलता येत नव्हतं त्यांना. खाट नाही, व्हरांड्यात ठेवलंय." मग म्हणाला, "मी कुणाला काही सांगितलेलं नाही, ताई. पण मला झोप नाही."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. ती बैठकीला गेली. शनिवारी किती पोती कचरा निघाला, बुधवारच्या वाचनाला आणखी दोघं हवीत, असं सगळं बोलून झालं. मग ती उठली आणि काय केलं ते सांगितलं. पेंटरच्या घरापासून फोनवरच्या खोट्यापर्यंत, काही न वगळता. नवरा काय म्हणाला तेवढं सांगितलं नाही. कुणीतरी बाकावर पेन्सिल ठेवली तेवढा आवाज झाला.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"माझ्या मेव्हण्याच्या वेळी मी तुमच्यासमोर हात जोडले होते," ते म्हणाले.

"हो."

"तुम्ही बरोबर होतात, असं मी स्वतःला किती वर्षं सांगतोय, ठाऊक आहे? घरी बायकोला सांगतोय. तिचा भाऊ होता तो." त्यांचा आवाज चिरकला. "आता आज घरी जाऊन काय सांगू?"

इतकी वर्षं ज्याला ती मोठं मन समजत होती, ते नुसतं दात आवळून सोसणं होतं, हे तिला तेव्हा कळलं.

"मशीन उचलायला तुमच्या घरी कुणी येणार नाही," शेवटी ते म्हणाले. "चालू मशीन काढून घेणारा क्लब नाही आपला. पण वही आणि किल्ली इथे ठेवून जा."

तिनं दोन्ही टेबलावर ठेवल्या. फ्रिज दुरुस्त करणारा एक सभासद होता. तो जागेवरूनच म्हणाला, "ते बंद पडलेलं मशीन द्या माझ्याकडे. आधीच द्यायला हवं होतं." शनिवारी त्यानं आतला पंप बदलून ते चालू केलं. पोस्टमन तोवर दवाखान्यातच, त्यामुळे ते बेकरीवाल्याच्या आईकडे गेलं.

बाइंडर सात आठवडे जगला. त्या सात आठवड्यांत त्यानं पुन्हा कधी यादीचा विषय काढला नाही. तो गेला त्याच दुपारी, माणसं अजून घरात बसली असतानाच, हॅलोताईनं मशीन पुसलं, नळी काढून टाकली आणि नळवाल्याला बोलावलं. "घेऊन जा," ती म्हणाली. "एक तासही ठेवू नकोस इथे."

पोस्टमन वाचला, पण उठला नाही. तीन आठवड्यांनी घरी आला तो खाटेवरच. मशीन वेळेवर मिळालं असतं तर चालता राहिला असता का, हे तिनं डॉक्टरांना दोनदा विचारलं. पहिल्यांदा ते म्हणाले, "सांगता येत नाही." दुसऱ्यांदा म्हणाले, "कशाला विचारता?"

क्लबात ती अजून जाते. मागच्या बाकावर बसते. सोमवारची औषधं वाटायला माणसं कमी पडत होती, तेव्हा तिनं हात वर केला आणि मागची गल्ली मागून घेतली. पोस्टमनच्या बहिणीकडे पहिल्या सोमवारी गेली, तेव्हा उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तिनं सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं, पुडी घेतली, दार लावलं. दुसऱ्या सोमवारी पुडी घेतली, दार लावलं. असे अकरा सोमवार गेले. शेजारीपाजारी बघायचे. नळवाला म्हणाला, "ताई, मी देतो ना तिथली, तुम्ही दुसरी गल्ली घ्या." ती नको म्हणाली. क्षमा मागायला ती जात नव्हती. न जाणं तिला जमत नव्हतं, एवढंच.

बाराव्या सोमवारी म्हातारीनं पुडी उघडून पाहिली आणि दार लावता लावता थांबली.

"ही पिवळी गोळी आता अर्धीच," ती म्हणाली. आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. "डॉक्टरांनी कमी केलीय. पुढच्या खेपेला बघून आणा."

"आणते," हॅलोताई म्हणाली.

दार लागलं. तिनं पिशवीतला कागद काढला, तो भिंतीला टेकवून पेन्सिलीनं लिहून घेतलं, आणि पुढच्या घराकडे निघाली.