मैदानावर विचारलेला प्रश्न

माझ्या नणंदेला तोंड आवरायला कधी जमलं नाही. नाव कॉन्सेप्टा, पण आमच्या मरोळच्या गावठाणात लहानथोर सगळे तिला बाय म्हणतात. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तिने सगळ्यांदेखत मला विचारलं, "व्हेनेसा, तुला भात शिजवता येतो की नुसती लिपस्टिक लावता येते?" मीही काही कमी नाही. म्हटलं, "दोन्ही येतं, बाय. तुला दुसरं शिकायचं असेल तर सांग." तेव्हापासून आमचं जमलं.

बाय अंधेरीच्या एका कॉलेजात खेळाची मास्तरीण. लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "एवढ्या पोरी आहेत, त्यात नवरा कुठे सांभाळू?" पोरी म्हणजे तिच्या धावणाऱ्या पोरी. मान खाली घालून यायच्या नि वर्षभरात बसच्या कंडक्टरशी भांडायला लागायच्या. बायला त्याचंच जास्त कौतुक. ट्रॉफीबिफी नंतर. आमच्या घरची उकडलेली अंडी, चणे, सगळं त्या मैदानावर जायचं. मी कुरकुर करायची आणि डबा भरून द्यायची.

कॉलेजात जिमखान्याची कमिटी होती. डोंबलाची कमिटी! वर्षातून एकदा समोसे खायला जमायची. अर्ध्या मैदानावर प्रोफेसरांच्या गाड्या, पोरींच्या बुटांना भोकं, डॉक्टरचा पत्ता नाही, पण कोण विचारतोय? ट्रॉफी आली की मात्र हीच मंडळी फोटोत पुढच्या रांगेत.

म्हणून बाय स्वतः विचारायची. जेवलीस? झोपलीस? पाळी आली? धावणाऱ्या पोरीचं खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं कच्ची होतात, असं तिने एका शिबिरात ऐकलं होतं. तेव्हापासून तिचा नियमच होता, पाळी थांबली तर धावणं बंद, आधी डॉक्टर. पोरी लाजायच्या, हसायच्या, पण सांगायच्या.

सपना देवनारहून दोन बस बदलून यायची. वडील धोंडिराम बेस्टच्या डेपोत फिटर. त्यांच्या घरातली कॉलेजात गेलेली ही पहिलीच पोर. लांब पल्ल्याला अशी धावायची की बाय जेवतानाही तिच्याबद्दल बोलायची. विद्यापीठाच्या स्पर्धेत नंबर आला असता तर पुढे रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागली असती. पण पोरीच्या डोक्यात कुणीतरी भरवलं, वजन कमी केलंस की आणखी जोरात धावशील. तिने डबा दुसऱ्यांना वाटायला सुरुवात केली. गाल बसले. धावून आली की जांघेत हात दाबून उभी राहायची.

नेमका त्या दिवशी धोंडिराम सुट्टी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून मुलीचा सराव बघायला आलेला. बायने त्याच्यासमोर, सगळ्या पोरांसमोर विचारलं, "सपना, पाळी येऊन किती महिने झाले गं? तीन? मग उद्यापासून धावायचं नाही. आधी डॉक्टर."

आमच्याकडे अंगणात मसाल्याच्या मिरच्या वाळत घालताना बायका याहून काय काय बोलतात. पुरुष तिथेच बसलेले असतात, कुणाला काही वाटत नाही. बायला वाटलं, सगळं जग म्हणजे आमचं अंगण. पण त्या बापाने काय ऐकलं? लग्न न झालेल्या आपल्या मुलीची पाळी चुकलीय, असं मास्तरीण चारचौघांत ओरडून सांगतेय. माणूस पांढराफटक पडला. मुलीचा हात धरला आणि निघाला. बाय मागून हाका मारतेय, "अहो, तसं नाही हो! ऐका तरी!"

संध्याकाळी मी तिला सोडलं नाही. "अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस?" एरवी तिने मला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी तिने पानाला हातही लावला नाही.

रविवारी आम्ही दोघी माफी मागायला देवनारला गेलो. सपनाच्या आईने, चंपाने, पाणी दिलं. धोंडिराम आवाज न चढवता बोलला, त्याचंच जास्त लागलं. "बाई, आम्ही पोरीला मान वर करून चालायला शिकवलं. तुम्ही तिला मान खाली घालायला लावलीत." बायने हात जोडले, चुकलं म्हणाली. आणि लगेच, "पण तिला डॉक्टरकडे न्या हो." तो उठून आत गेला. सपना दारामागे उभी होती. बाहेर आली नाही.

त्याने कॉलेजात तक्रार केली. झालं, इतकी वर्षं घोरत पडलेली कमिटी खडबडून जागी झाली! चंद्रप्रकाश सर अध्यक्ष. म्हणाले, "मुलींना असले प्रश्न विचारणं तुमच्या कामात बसतं का?" बाय म्हणाली, "मग कुणाच्या कामात बसतं ते सांगा. त्याच्या हातात जिमखान्याच्या किल्ल्या देते." बायला परीक्षा विभागात बसवलं.

तिच्या जागी केतन नावाचा तरुण कोच आला. बाय त्याला गाठून सगळं सांगून आली. तो म्हणाला, "मॅडम, मला कमिटीने बजावलंय, मुलींना खासगी काही विचारायचं नाही." पोरगा वाईट नव्हता. नोकरी टिकवत होता, दुसरं काय!

बाय हटली तशी सपना मैदानावर परतली, डॉक्टरकडे न जाताच; धावत राहिली, जिंकतही राहिली. गेटवर तिचा बॅनर लागला. बाय परीक्षा विभागाच्या खिडकीतून बघायची आणि घरी येऊन म्हणायची, "उजवा पाय चोरतेय गं ती." रोज संध्याकाळी गावठाणातल्या क्रूसाला हार घालायला जायची. एकदा मी मागेच होते. ऐकलं, "मला खोटी पाड रे बाबा. सगळ्यांसमोर खोटी पाड."

विद्यापीठाच्या स्पर्धेत सपना शेवटच्या फेरीत पुढे होती. वळणावर कोसळली ती उठलीच नाही. खुब्याजवळचं हाड मोडलं होतं. बाय हॉस्पिटलात धावली. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी धोंडिरामला बाजूला घेतलं, त्याने बायला हाक मारून जवळ उभं केलं. दोघांनी मिळून ऐकलं. स्क्रू घातलेत. पोर चालेल-फिरेल. धावायचं मात्र आता नाव काढू नका.

कमिटीने खेद व्यक्त केला. बॅनर उतरवला. बायला निरोप आला, मैदानावर परत या. ती गेली नाही.

काही महिन्यांनी सपना काठी टेकत आमच्या घरी आली, बापाबरोबर. धोंडिराम उंबऱ्यातच म्हणाला, "बाई, तुमचंच खरं ठरलं." बाय चिडली. "ते नको बोलू, भाऊ. ते मला ऐकवत नाही." मी भात वाढला, माशाचं कालवण वाढलं. सपना सगळं जेवली. जेवता जेवता तिने विचारलं, "मिस, काठी सुटली की मी परत धावणार ना? पप्पा नुसतं बघू म्हणतात."

धोंडिराम पानातला भात चिवडत राहिला. मी बायकडे बघितलं. वाटलं, आता ही सांगणार, तोंडावर, आहे तसं. दुसरं काही तिला येतच नाही.

बायने तिच्या पानात आणखी एक तुकडी वाढली आणि म्हणाली, "धावशील गं. का नाही धावणार?"

सपना हसली. बाय ताटं न उचलताच उठून मागच्या पडवीत गेली. मी गेले तेव्हा ती तोंडात पदर कोंबून रडत होती.