दोनदा खणलेला खड्डा

कॉलेजात मी राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रमुख होतो. दर हिवाळ्यात पोरांना घेऊन खेड्यात शिबिर. त्या वर्षी तलवाड्याच्या बाजूच्या एका गावात हापशाजवळ शोषखड्डा खणायचा होता. सांडपाण्यानं तिथं कायमचा चिखल. उद्घाटनाला तालुक्याचे एक पुढारी सकाळी येणार होते. ते आले नाहीत. पोरं थांबली नाहीत. दुपारपर्यंत खड्डा खणून, दगडगोटे भरून मोकळी झाली. गटाची प्रमुख होती एका फळविक्रेत्याची मुलगी. माझ्या शब्दावर बापानं तिला प्रथमच घराबाहेर मुक्कामाला सोडलं होतं.

तेवढ्यात फोन आला, साहेब निघाले.

"खड्डा बुजवा," मी म्हणालो.

"कावून, सर?" ती म्हणाली. "झालाय की!"

"साहेब कुदळ कशात मारतील?"

"शेजारी मारू द्या. लई जागा हाय."

"बॅनर इथं बांधलाय."

ती बॅनरकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग दगड बाहेर आले, माती आत गेली. पोरं मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात बोलत होती.

साहेब दिवस कलताना आले. नारळ फुटला. त्यांनी कुदळ मारली ती थेट दांड्यापर्यंत आत गेली.

"जमीन लई मऊ हाय इकडची!"

"तुमच्या हाताचा जोर, साहेब," मी म्हणालो. एवढं बोलून गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण विद्यार्थ्यांचं मनोगत म्हणून मी तिलाच माईकपाशी बोलावलं.

ती म्हणाली, "साहेब, जमीन मऊ न्हाई. आमी दुपारीच खड्डा केलता. सरांनी बुजवायला लावला."

मी माईक जवळजवळ हिसकावला. "पोरीला ऊन लागलंय. मनानंच काहीतरी सांगतेय."

सगळा मांडव हसला. समारोपाला उत्कृष्ट स्वयंसेवकाचं बक्षीस हार-नारळ सांभाळणाऱ्या पोराला दिलं. पुढं कॉलेजात तिला 'ऊन लागलेली' म्हणत. मी ऐकायचो आणि पुढं जायचो.

आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात अंबाजोगाईत तिच्या वडिलांच्या गाड्यापाशी गेलो. ते सीताफळं निवडत होते. गिऱ्हाइकांची गर्दी होती, तरी मी सगळं सांगून टाकलं.

ते निवडायचे थांबले. "सर, तिनं घरी आल्या आल्या सांगितलंतं. मीच रागावलो. प्रोफेसर माणूस कावून खोटं बोलंल? शिबिरात जाऊन पोरगी खोटं बोलाया शिकली, म्हनून धाकटीला शिबिराला सोडलंच न्हाई मी. ती लई रडली."

मी एक सीताफळ उचलून दाबायला लागलो.

"पिकलेली हायत," ते म्हणाले. "दाबू नका."

मग त्यांनी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "मला कावून सांगता? तिला सांगा."

ती आता शाळेत शिक्षिका आहे. मी म्हणालो, "बाळ, तो खड्डा दुपारीच झाला होता. तू खरं बोललीस. मी खोटं बोललो."

पलीकडं पंख्याचा आणि गप्पांचा आवाज येत होता.

"सर," ती म्हणाली, "थांबा, स्पीकर लावते. मधली सुट्टी हाय, सगळे मास्तर इथंच बसलेत. पहिल्यापासून सांगा."

इकडं गाड्यावरची गिऱ्हाइकंही पिशव्या धरून थांबली होती. मी घसा साफ केला आणि हापशापासून सुरुवात केली.