गोष्ट अडली की माझ्या ओट्यापाशी

बोईसरला आमच्या समोरच्या दारात राहते ती गोष्टी लिहिते. गोष्ट अडली की चटई काखेत मारून सरळ माझ्या स्वयंपाकघरात येते. "वैनी, तुमी तुमचं चालू द्या. माजी सून आज तोंडच उघडत नाय." सून म्हणजे तिच्या गोष्टीतली. मग भिंतीला टेकून, ओठ हलवत ती लिहीत बसते. दिलेला चहा दर वेळी गार करून टाकते.

एकदा मीच तिला केळव्याला, माझ्या नणंदेच्या वाडीत पाठवलं. शांत जागा, पोफळींची सावली, लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? बाई संध्याकाळीच शहाळी घेऊन परत! "तिकडं सून भांडायचं सोडून वारा खात बसली," म्हणाली.

परवा तिनं पुरी झालेली गोष्ट वाचून दाखवली. सासू वाट्टेल ते बोलते, पण सून तोंड उघडतच नाही. बोंबलांचं पाणी निघावं म्हणून त्यांच्यावर पाटा ठेवते आणि तो दोन्ही हातांनी दाबत राहते.

मीही तसाच दाबते. इतकी वर्षं माझे हात काय बोलत होते, ते मला परवा ऐकू आलं.